गुरुजींनी वाढवलेले एकोणीस महिने

डॉक्टर मिनल यांनी तीन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. आधार कार्ड, पॅन कार्ड आणि शाळा सोडल्याचा दाखला. तिन्हींवर दीपमालाची जन्मतारीख एकच होती. एक जून.

"दीपमालाताई, येत्या एक जूनला तुम्हाला पन्नास पूर्ण होतात. त्यानंतर कायद्यानं मला तुमच्यावर कसलेच उपचार करता येणार नाहीत. तुमच्या स्वतःच्या बीजानं नाही आणि डोनरच्या बीजानंही नाही. आज दहा फेब्रुवारी आहे."

"पण मॅडम, मी एकोणपन्नासची नाहीच. गेल्या महिन्यात मला अठ्ठेचाळीस पूर्ण झाली."

"कागदावर तसं नाही."

"कागदावरचं गुरुजींनी लिहिलंय."

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्या स्वतः शहरात वाढलेल्या, त्यांचा जन्म दवाखान्यात झालेला, वेळेसकट नोंदवलेला. दीपमालाचा नवरा भीमराज शेजारच्या खुर्चीवर अवघडून बसला होता. तो चाकणला एका कंपनीत प्रेस शॉपमध्ये, पत्र्याचे भाग दाबून काढायच्या विभागात कामाला होता. त्यानं घसा साफ केला.

"मॅडम, आमच्या लातूरकडं आमच्या वयाचे निम्मे लोक एक जूनचेच. आईबापाला तारीख ठाऊक नसायची, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मग गुरुजी एक जून टाकून मोकळे. आमच्या कंपनीत दर महिन्याला वाढदिवसाचा केक कापतात. बाकीच्या महिन्यांत चार-पाच माणसं असतात. जूनमध्ये एकसष्ट. एचआरची नवी पोरगी म्हणाली, सर, सिस्टिममध्ये एरर आलाय."

डॉक्टर हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. दीपमालाच्या स्वतःच्या बीजानं त्यांनी दोनदा प्रयत्न केला होता. पहिल्या वेळी तीन बीजं मिळाली, दुसऱ्या वेळी एक. गर्भ एकदाही रुजला नव्हता.

"मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं हृदय, शुगर, बीपी, सगळं उत्तम आहे. गर्भाशयही चांगलं आहे. प्रश्न बीजाचा आहे. अठ्ठेचाळीस असो की एकोणपन्नास, या वयात स्वतःच्या बीजानं शंभरात एखादीलाच मूल होतं. तरुण डोनरचं बीज घेतलं, ते भीमराजभाऊंच्या बीजाशी फळवलं आणि तो गर्भ तुमच्या पोटात सोडला, तर शंभरातल्या चाळीस-पंचेचाळीस जणींना होतं. विचार करा. पण लवकर करा."

बाहेर आल्यावर भीमराज म्हणाला, "माझी काही हरकत नाही. तू म्हणशील तसं."

दीपमाला चालत राहिली. तिच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. खऱ्या वयानं तिला पन्नास व्हायला अजून एकोणीस महिने जास्त मिळत होते.

दीपमाला तळवड्यात गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कारखान्यात लाइन लीडर होती. एका लांब फळीवर रंगीत वायरींच्या जुड्या बांधायच्या, त्यांची टोकं नेमक्या खाचांत बसवायची, असं ते काम. वीस वर्षं तिनं ते उभ्यानं केलं होतं. एखादी वायर चुकून दुसऱ्या खाचेत गेली की ती लांबूनच ओळखायची. चूक दिसली की दुरुस्त करायची, ही तिची सवयच झाली होती. ही एवढी मोठी चूक चव्वेचाळीस वर्षं कागदावर तशीच राहिली, याचा तिला आता राग येत होता.

तिनं गावी आईला फोन लावला.

"आई, मी नक्की कधी झाले गं?"

"किती बार सांगू? हुरड्याच्या दिवसांत. त्याच्या फुडच्या दिवाळीला गावात लाइट आली," जाईबाई म्हणाल्या. "कामून विचारायलीस?"

"तारीख?"

"तारीख काय मला इचारून झालीस का तू?"

कारखान्यातल्या एका बाईचा भाऊ वकील होता. त्यानं सांगितलं की जन्मतारीख बदलून घेणं सोपं नाही, आठ-दहा महिने तरी जातील. पण ज्यानं शाळेत तारीख लिहिली तो माणूस जिवंत असेल आणि प्रतिज्ञापत्र करून देत असेल, तर निदान सुरुवात करता येईल. दीपमालानं गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. अर्ध्या तासात उत्तर आलं. होळकुंदे गुरुजी हयात होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे. आणि राहत होते कुठे, तर रहाटणीत, मुलाकडे. थेरगावातल्या तिच्या घरापासून रिक्षानं पंधरा मिनिटांवर.

रविवारी संध्याकाळी ती गेली. जाताना वाक्यं जुळवत गेली. तुम्ही मला न विचारता माझं वय वाढवलंत, असं सरळ तोंडावर म्हणायचं तिनं ठरवलं होतं.

गुरुजी सोसायटीच्या पार्किंगमध्येच भेटले. दोन गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत सतरंजी टाकलेली, त्यावर इमारतीतली चार पोरं, आणि समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर गुरुजी. केस पांढरे झाले होते, पण बसण्याची पद्धत तीच होती, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून, जरा पुढे झुकून. वजाबाकी चालली होती. बत्तीसातून सात.

"दोनातून सात जात नाहीत," एक मुलगी म्हणाली आणि थांबली.

गुरुजी काही बोलले नाहीत. मुलगी पाटीकडे बघत राहिली. एक स्कूटर आत आली, गेली. दीपमालाला वाटलं, सांगून टाकावं आता.

"शेजारच्या तिनाकडून एक घ्यायचा," शेवटी ती मुलगी म्हणाली.

"घे."

"मग त्याला परत कधी द्यायचा?"

"परत द्यायचा नसतो. तिकडं तो दशक होता. इकडं आला की त्याचे दहा एकक झाले. आता ते इथलेच. मोज."

दीपमाला ताटकळून पुढे झाली. "गुरुजी, मी दीपमाला. किसनरावांची धाकटी. सरूची बहीण."

गुरुजींनी चष्म्यातून तिच्याकडे निरखून पाहिलं. "सरूचा फ्रॉक सोडायची नाहीस ती?"

तिनं जुळवलेली वाक्यं तिथंच विस्कटली. पोरांना सुट्टी देऊन गुरुजी तिला वर घरी घेऊन गेले. सून रश्मीनं पाणी दिलं, चहा ठेवला आणि ती आत गेली. दीपमालानं मग सगळं सांगितलं. गुरुजींसमोर बीज, गर्भ असले शब्द कसे उच्चारायचे, असं तिला आधी वाटलं होतं. पण राग असला की शब्द सापडतात.

"...म्हणजे तुम्ही त्या दिवशी नीट लिहिलं असतंत, तर माझ्याकडं आज वेळ असता."

गुरुजींनी मान हलवली. "बरोबर आहे. चूक माझीच. प्रतिज्ञापत्र उद्या करून देतो. कोर्टातही येतो."

एवढ्या लवकर ते कबूल करतील असं तिला वाटलं नव्हतं. भांडायला आलेल्या माणसाची अशानं पंचाईत होते.

गुरुजी उठले आणि कपाटातून एक जाड वही घेऊन आले. पुठ्ठ्याला कापडाची पट्टी लावलेली. "शाळेचं रजिस्टर सरकारचं. त्यात तारीख लिहावीच लागायची, जागा मोकळी ठेवता यायची नाही. ही वही माझी."

त्यांनी पानं उलटली. प्रत्येक पानावर मुलांची नावं आणि पुढे दोन-तीन ओळी. 'पोळ्याच्या आदल्या दिवशी, मोठा पूर आला ते वर्ष.' 'आजी म्हणते, ज्वारी खळ्यात होती.' 'मामाच्या लग्नात चालायला लागला होता.' जून ब्याऐंशीच्या पानावर त्यांनी बोट ठेवलं आणि वही तिच्याकडे सरकवली.

दीपमालानं वाचलं. 'दीपमाला किसन. हुरड्याचे दिवस, गावात लाइट आली त्याआधीचा हिवाळा. म्हणजे जानेवारी ७८. वय साडेचार पूर्ण नाही. आईला रोजगार हमीच्या कामावर जायचे आहे, घरी सांभाळायला कोणी नाही. खडी फोडतात तिथे लेकरू नेणार. बहिणीचा फ्रॉक धरून दारात उभी आहे. सहा वर्षे लिहितो. घेऊ या.'

तिनं ते दोनदा वाचलं.

"सरूचं एक जून पंचाहत्तर लिहिलं आणि तुझं शहात्तर," गुरुजी म्हणाले. "दोघींत वर्षाचं तरी अंतर ठेवायला पाहिजे होतं. नाहीतर साहेब म्हणाले असते, एका आईला सहा महिन्यांत दोन लेकी कशा?"

दीपमालाला हसू आलं. मग तिनं विचारलं, "ही वही कामून ठेवलीत?"

"रजिस्टरला तारीख पाहिजे होती, ती दिली. पण उद्या लेकरू मोठं होऊन विचारायला आलं, गुरुजी, मी खरी कधी झाले, तर? समोर बसलेल्या लेकराला खोटं सांगता येत नाही मला."

"किती जण आले विचारायला?"

"तू पहिलीच."

रश्मी चहा ठेवून गेली. गुरुजींनी बशीत चहा ओतला, पण प्यायले नाहीत.

"आता मला जरा गणित समजावून सांग," ते म्हणाले. "कोर्टानं तारीख बदलून दिली. एकोणीस महिने मिळाले. त्यात काय करणार तू?"

"माझ्याच बीजानं परत प्रयत्न करणार."

"डॉक्टरीणबाई काय म्हणतात त्याला?"

"शंभरात एक."

"आणि दुसरीच्या बीजानं?"

"चाळीस-पंचेचाळीस."

"त्याला किती वेळ लागतो?"

"तीन महिने." ती थांबली. "मे संपायच्या आत होतं."

गुरुजी गप्प बसले. पार्किंगमध्ये त्या मुलीसमोर बसले होते तसेच. दीपमाला कपाकडे बघत राहिली. तिला वेळ हवा होता तो मूल होण्यासाठी नव्हता. नाही म्हणायला नको आणि हो म्हणायलाही नको, म्हणून हवा होता. हे तिला आता दिसलं, आणि दिसलं ते आवडलं नाही.

"आमच्या आईचं कपाळ सरूकडं आलं, माझ्याकडं आलं," ती हळू आवाजात म्हणाली. "सरूच्या पोरीकडंपण. ते माझ्यापाशी थांबणार. ते लेकरू माझ्या पोटातून येईल, पण माझ्यातलं काही घेऊन येणार नाही. आणि उद्या त्याला कुणी सांगितलं तर? सगळा जन्म लपवत बसू का मी?"

"लपवायला कुणी सांगितलंय?"

"लोक..."

"लोकांसाठी रजिस्टर असतं," गुरुजी म्हणाले. "लेकराला खरं ते सांगायचं. त्याच्या वयाला झेपेल तेवढं, आणि पहिल्यापासून. मोठं झाल्यावर एकदम सांगितलं की धक्का बसतो. लहानपणापासून ठाऊक असलं की ती त्याची नुसती गोष्ट होते. कपाळाचं मात्र मला काही सांगता येत नाही, लेकी. मी तिसरीपर्यंतच शिकवायचो."

ती घरी आली तेव्हा भीमराज पहिली शिफ्ट करून येऊन भाजी निवडत बसला होता. ती त्याच्यासमोर बसली. बराच वेळ दोघं मेथी निवडत राहिले.

"लेकरू तुझ्यावरच जाईल मग," ती म्हणाली.

"तेवढा एक धोका आहे."

"थट्टा नको."

"थट्टा कशाची? हे नाक पोरीला आलं तर कोण जबाबदार?" त्यानं जुडी खाली ठेवली. "हे बघ दीपा. मला लेकरू पाहिजे, हे खरंय. पण ते माझं असावं आणि तुझं नसावं, असं मला नको. तू एकदा जरी मनात म्हणालीस की हे त्याचं आहे, माझं नाही, तर आपण दोघंच बरे. आजपर्यंत काय कमी होतं?"

"मेथीत माती होती."

"ती आजही आहे," भीमराज म्हणाला.

तिनं तीन दिवस घेतले. गुरुवारी दुपारच्या सुट्टीत कारखान्याच्या जिन्यात उभं राहून तिनं दवाखान्यात फोन केला आणि डोनरसाठी हो म्हणून सांगितलं.

दवाखान्यात समुपदेशनाला दिव्या नावाची तरुण मुलगी होती. तिनं दोघांना समोर बसवून सगळं समजावलं. डोनर कोण, ते त्यांना कधी कळणार नाही. त्यांचं नावही तिला कळणार नाही. जन्मणाऱ्या मुलाचे कायदेशीर आईबाप हेच दोघं, डोनरचा कसलाही हक्क नाही. मग तिनं एक फॉर्म पुढे केला. डोनर कशी असावी याबद्दल शक्य तेवढं जुळवून बघता येतं, उंची, वर्ण, रक्तगट.

भीमराजनं रक्तगट लिहिला. उंचीपुढे लिहिलं, 'चालेल ती'.

"खाली एक मोकळी ओळ आहे," दिव्या जरा चाचरत म्हणाली. "काही जण तिथं समाज लिहितात. आम्ही विचारत नाही, पण लोक लिहितात."

भीमराजनं त्या ओळीकडे पाहिलं. नवबौद्ध म्हणून गावाच्या टोकाला ज्याचं बालपण गेलं, त्याला ती ओळ नवी नव्हती. त्यानं पेनाचं टोपण लावलं.

"ती मोकळीच राहू द्या, ताई."

दीपमालानं तिचे प्रश्न कागदावर लिहून आणले होते. "तिला त्रास होतो का?"

"दहा-बारा दिवस इंजेक्शनं घ्यावी लागतात. मग भूल देऊन बीजं काढतात. एक-दोन दिवस पोट दुखतं. कायद्यानं एका बाईला आयुष्यात एकदाच देता येतं."

"तिला स्वतःची लेकरं असतात?"

"एक तरी असावंच लागतं."

"तिला माझा निरोप देता येईल?"

"नाही हो, ताई."

दीपमालानं कागदावरच्या त्या प्रश्नावर रेघ मारली आणि सही केली.

मार्चच्या मध्याला डोनरची बीजं मिळाली. दोन चांगले गर्भ तयार झाले आणि गोठवून ठेवले गेले. आता दीपमालाच्या गर्भाशयाचं अस्तर जाड व्हायला हवं होतं, निदान सात मिलिमीटर. त्यासाठी गोळ्या होत्या, रोज ठरलेल्या वेळी. कारखान्यात लाइन चालू असताना ती खिशातून गोळी काढायची आणि पाण्याबरोबर घ्यायची. तिच्या हाताखालची पिंकी एकदा म्हणाली, "दीदी, बीपी वाढलं का? आमच्यामुळंच वाढलं असणार."

"तुझ्यामुळं डोकं दुखतं. त्याची गोळी वेगळी आहे."

मार्च संपताना सोनोग्राफीत साडेपाच भरले. डॉक्टरांनी त्या पाळीला गर्भ सोडायचं टाळलं. एप्रिलमध्ये औषध वाढवलं. साडेसहा. ती पाळीही वाया गेली.

"अजून एक संधी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मेच्या मध्यावर. औषध गोळीऐवजी दुसऱ्या पद्धतीनं देऊ. पण ती शेवटची."

त्या दिवशी संध्याकाळी गुरुजींचा फोन आला. ते आठवड्यातून एकदा फोन करायचे, विचारायचे काही नाहीत, नुसते पोरांच्या गमती सांगायचे. आज तिनं आपणहून सांगितलं.

"मी तुला त्या दिवशी शहाणपण शिकवलं," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा म्हातारा वाटला. "वेळ कशाला पाहिजे म्हणालो. आणि आता वेळच कमी पडायला लागलाय. मी प्रतिज्ञापत्र करून ठेवलंय. शाळेलाही रजिस्टरच्या नकलेसाठी दोन पत्रं पाठवलीत. उत्तर नाही. मी स्वतः गावाला जातो."

"या उन्हात? तुम्ही कुठंही जायचं नाही."

"चूक माझी आहे, दीपमाला."

ती गॅलरीत उभी होती. खाली भाजीवाल्याची गाडी उभी होती आणि बायका टोमॅटो चेपून बघत होत्या. "गुरुजी, तुम्ही मला साडेचार वर्षांची लिहिलं असतंत, तर मी कुठं असते त्या जूनमध्ये?"

तिनंच उत्तर दिलं.

"खडीवर असते. पुढच्या वर्षी आईनं परत शाळेत आणून बसवलं असतं, याची काय खात्री? माझ्या बरोबरीच्या किती पोरी नंतर आल्या?"

"एकही नाही," गुरुजी म्हणाले.

"मग गप घरी बसा. आणि पोरांना पाढे शिकवा."

आपण गुरुजींना गप बसा म्हणालो, हे फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं.

मेच्या अकरा तारखेला सोनोग्राफी करताना डॉक्टर मिनल नेहमीपेक्षा जास्त वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. दीपमालानं डोळे मिटून घेतले होते.

"आठ पॉइंट एक," डॉक्टर म्हणाल्या.

पाच दिवसांनी गर्भ आत सोडला. दहा मिनिटांचं काम. भूल नाही, दुखणं नाही. पडद्यावर एक पांढरा ठिपका चमकला आणि तिथंच राहिला. डॉक्टर म्हणाल्या, तो गर्भ नाही, त्याच्याबरोबरचा हवेचा बुडबुडा आहे. दीपमाला तरी त्याच्याकडेच बघत राहिली. त्या वेळी तिला कपाळ आठवलं नाही. पडू नकोस, एवढंच ती मनात म्हणाली.

दोन आठवडे वाट बघायची होती. दीपमालानं कारखान्यात रजा टाकली आणि जाईबाई गावाहून आल्या. आईला सांगायचं की नाही, हा प्रश्न तिनं आधीच सोडवला होता. ज्वारीची भाकरी थापत असलेल्या आईजवळ ती पाटावर बसली आणि सगळं सांगितलं.

जाईबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "म्हंजी बी दुसरीचं?"

"हां."

"तिला लेकरं हायत?"

"आहे म्हणे, एक तरी."

"मग बरं. देणारीचं घर भरलेलं असावं." भाकरी उलटून त्या पुन्हा म्हणाल्या, "आन् तुझं वय किती लावलंय त्यांनी?"

"एकोणपन्नास."

"येडेच हायत. गुरुजीला तवाच म्हणलं होतं मी, लेकरू लई लहान हाय. तर म्हणाले, बसू द्या, उंच होईल." जाईबाई हसल्या. "उंच काय झाली न्हाईस तू."

तीस मेला सकाळी रक्त दिलं. रिपोर्ट दुपारी तीनला मिळणार होता. भीमराजला सुट्टी मिळाली नव्हती. प्रेस शॉपमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत, गेटवर जमा करावा लागतो. त्याला कळायचं ते शिफ्ट सुटल्यावरच.

तीन वाजून दहा मिनिटांनी फोन आला. डॉक्टर मिनल स्वतः बोलत होत्या. दीपमाला ऐकत होती, हो हो म्हणत होती. आई दारात उभी होती, तिला तिनं मान हलवून सांगितलं. जाईबाई आत वळल्या. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोंसमोर त्या हात जोडून उभ्या राहिल्या.

घरात बसवेना. साडेचारला भीमराजची कंपनीची बस डांगे चौकात येते, तिथं दीपमाला हळूहळू चालत गेली. उन्हात रसवंतीची घुंगरं वाजत होती. बस आली. निळ्या शर्टातली माणसं उतरू लागली.

"राव, आज वहिनी न्यायला आल्यात. काय केलंस?" मागचा एक जण ओरडला.

भीमराजनं तिला पाहिलं आणि तो पायरीवरच थांबला. मागच्यानं ढकलल्यावर उतरला. तिच्याजवळ आला, पण विचारायचं धाडस होत नव्हतं. खिशातला बंद फोन त्यानं बाहेर काढला आणि परत आत ठेवला.

"चारशे सत्तावीस," ती म्हणाली.

शेजारून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. "काय?"

"रिपोर्ट. पंचवीसच्या वर पाहिजे होता. चारशे सत्तावीस आलाय."

"ऐकू येईना, दीपा. काय आलं?"

आजूबाजूला बसमधली माणसं होती, केळीवाला होता, थेरगावातल्या ओळखीच्या दोन बायका रस्ता ओलांडायला थांबल्या होत्या. दीपमालानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज चढवला.

"लेकरू राहिलंय म्हणते. डोनरच्या बीजानं राहिलं. दोन आठवड्यांनी ठोके बघायला बोलावलंय, तोवर जपायचंय म्हणाल्या. आता ऐकू आलं का?"

केळीवाल्यानं मान वर केली. ओळखीच्या दोघींपैकी एकीनं दुसरीकडे पाहिलं.

भीमराज तोंडावर हात ठेवून तसाच उभा राहिला. मग त्यानं खांद्यावरची डब्याची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि तिचा हात धरला. सिग्नल सुटला होता, गाड्या अंगावर आल्यासारख्या येत होत्या.

"थांब," तो म्हणाला. "घाई नाही. पुढच्या सिग्नलला जाऊ."